गुरुवारी साडेचारला: नोकरीत राहून वसतिगृहातल्या पोरांना वेळ देताना

मी महसूल खात्यात सहायक महसूल अधिकारी आहे, या पदाला पूर्वी अव्वल कारकून म्हणायचे. सहा वर्षं एका तालुक्याच्या गावी होते. तिथल्या मागासवर्गीय मुलांच्या शासकीय वसतिगृहात एक गुरुवार आड जायचे, तेही ऑफिसच्या वेळेत. मुलं अकरावीपासून पदवीपर्यंतची. खात्यात नव्याने लागलेली पोरंपोरी आता विचारतात, "ताई, आम्हालाही असं काही करायचंय, सुरुवात कुठून करू?" त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी वेळेचं बोलू, कारण घोळ तिथेच होतो. मी सुरुवातीला साहेबांना तोंडी विचारलं, ते "जा की" म्हणाले, मी गेले. तिसऱ्या खेपेला एक शेतकरी सातबाऱ्यावरच्या दुरुस्तीसाठी लांबच्या गावाहून आला आणि माझ्या रिकाम्या खुर्चीसमोर दीड तास बसून राहिला. शेवटची एसटी चुकेल म्हणून निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याची लेखी तक्रार आली. 'मॅडम समाजसेवेला गेल्या आहेत असे सांगण्यात आले.' ते वाक्य मला अजून पाठ आहे. त्याचं काही चुकलं नव्हतं.

वर्तणूक नियमांची भीती बरेच जण घालतात. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये सामाजिक किंवा धर्मादाय स्वरूपाचं मानद काम करायला मोकळीक आहे, अट एवढीच की सरकारी कामात बाधा येता कामा नये. पण ही मोकळीक काम करण्याची आहे, ऑफिसच्या वेळेची नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या कर्मचाऱ्यांना समाजसेवेसाठी वर्षाला २४ तासांची वेगळी रजा मिळते, आणि ती न घेता शाळेतल्या मुलांना शिकवायचं ठरवलं तर शाळा चालू असताना आठवड्याला एक तास, असे ३६ तासांपर्यंत. तिथे राहणाऱ्या मावसभावाने हे सांगितलं तेव्हा मी आमची रजा नियमावली पुन्हा चाळली. आपल्याकडे असलं काही नाही. आपल्याकडे वर्षाच्या आठ किरकोळ रजा, आणि त्या घरच्या आजारपणात संपतात.

म्हणून साहेबांपुढे मंजुरीसाठी लेखी टिपणी ठेवा. माझ्या टिपणीत तीनच गोष्टी होत्या: एक गुरुवार आड साडेचार ते सहा मी कुठे असेन, तेवढ्या वेळात माझं टेबल कोण बघेल (नाव घालून, आणि त्याची सही घेऊन), आणि तो दीड तास मी कोणत्या दिवशी भरून काढेन. पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून पावणेदहा ते सव्वासहा अशी वेळ आहे, त्यामुळे मी बुधवारी सव्वासहानंतर थांबायचे. मंजुरी मिळाली की दर वेळी हालचाल नोंदवहीत, म्हणजे ऑफिसबाहेर जाताना लिहायच्या वहीत, नोंद करायची. कंटाळा येतो, तरी करायची. पुढे साहेब बदलले तेव्हा नव्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात ती वही मागवली होती.

वार निवडताना सोमवार टाळा. महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी तालुक्याचा लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस, असतो आणि बाकीच्या सोमवारी आठवड्याची गर्दी. मार्चमध्ये वसुली, अतिवृष्टी झाली की पंचनामे, निवडणूक लागली की तर विचारूच नका. हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाका. मी सांगितलं नव्हतं. मी सलग तीन गुरुवार गायब झाले आणि चौथ्या वेळी गेले तेव्हा समोर पाचच जण होते.

आता तिथे जाऊन करायचं काय? पहिल्या दिवशी मी भाषण केलं. प्रोजेक्टर लावून, ध्येय, जिद्द, वेळेचं नियोजन वगैरे. चाळीसेक मुलं निमूट बसली होती. शेवटी "काही शंका?" विचारल्यावर मागून एकजण उठला. हातात झेरॉक्सचा गठ्ठा. "मॅडम, यांच्यावर सही कराल का? कॉलेजमध्ये अटेस्टेड मागतात."

मी राजपत्रित नाही, त्यामुळे माझ्या सहीचा उपयोग नव्हता. पण मुद्दा तो नव्हताच. आपल्या राज्यात २०१५ पासूनच स्वतःच स्वतःच्या प्रतीवर सही करून स्वयंसाक्षांकन करता येतं. त्या पोराने साक्षांकनासाठी दोन दिवस कॉलेज बुडवून चकरा मारल्या होत्या. त्याच्या शेजारचा म्हणाला, "मी तर वीस रुपये देऊन करून घेतलं." कुणाला दिले ते मी विचारलं नाही.

त्या दिवसानंतर प्रोजेक्टर नेला नाही. जिद्दीवर बोलणारे मोबाइलवर ढिगाने आहेत. खिडकीच्या आतली बाजू मात्र त्यांना कुणी दाखवत नाही, आणि आपण बसतोच आत. अर्ज कसा लिहायचा, 'विषय' आणि 'संदर्भ' यात काय फरक, अर्जाची दुसरी प्रत का न्यायची, तिच्यावर पोच घेतल्याशिवाय आवक शाखेची खिडकी का सोडायची नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'ज्ञानेश्वर', आधारवर 'ज्ञानोबा', तर शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडकणार. हे मी फळ्यावर काढून दाखवायचे. एका गुरुवारी तर फक्त आपापले कागद गादीवर पसरायला लावले आणि प्रत्येकाच्या नावाचं स्पेलिंग जुळवलं. अठ्ठावीस जणांत अकरा जणांचं जुळत नव्हतं!

इथेच एक खड्डा आहे. ओळख झाली की मुलं म्हणणार, "मॅडम, आमचा उत्पन्नाचा दाखला तेवढा बघा ना." माझ्याच ऑफिसात अडकलेला होता, मनात आणलं असतं तर पाच मिनिटांचं काम. मी नाही केलं. पोरगा रुसला, दोन गुरुवार आला नाही. तिसऱ्या गुरुवारी त्याला बसवून लोकसेवा हक्क अधिनियमातली पंधरा दिवसांची मुदत दाखवली, पावतीवरची तारीख मोजायला लावली आणि अपिलाचा अर्ज त्याच्याच हाताने लिहून घेतला. अपील करायची वेळ आली नाही, अर्ज घेऊन तो खिडकीवर गेला तेव्हाच दाखला मिळाला. आमच्या शाखेतल्यांनी आठवडाभर मला टोमणे मारले, ते वेगळं.

बाकी काही गोष्टी थोडक्यात. गृहपालांना विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. भेटायचं ते वाचनालयात, दार उघडं ठेवून. खोलीवर नाही, घरी बोलावून नाही. अठराच्या आतल्या मुलांशी खासगी मेसेज नकोत. पैसे उसने देऊ नका. आणि कृपा करून फोटो काढून स्टेटसला टाकू नका, 'गरजू मुलांसोबत' म्हणून तर अजिबातच.

स्पर्धा परीक्षांचं मात्र सविस्तर सांगते, कारण सरकारी माणूस समोर आला की सगळ्यांना तेच हवं असतं. मी एकदा फळ्यावर २०२३ च्या तलाठी भरतीचे आकडे लिहिले. जागा ४,६४४, अर्ज दहा लाखांच्या वर. भागाकार त्यांनाच करायला सांगितला. एका जागेमागे दोनशेच्या वर माणसं. वाचनालयात शांतता. एकजण चिडून म्हणाला, "तुम्ही तर आत्ताच नाउमेद करताय." तसं नव्हतं. मी स्वतः तिसऱ्या प्रयत्नात लागले, दुसऱ्याला कुठल्या तोंडाने नको म्हणू? एवढंच केलं की प्रत्येकाने वहीत एक तारीख लिहायची: इथपर्यंत प्रयत्न, आणि त्याच पानावर त्यानंतरचं काम. कुणी नर्सिंग लिहिलं, कुणी आयटीआय, एकाने 'मामाचं गॅरेज'. चिडलेल्या पोराने तारीख लिहिली नाही. त्याचं पान कोरंच राहिलं आणि मीही मागे लागले नाही. तो अजून अभ्यास करतोय. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक, म्हणजे सविस्तर उत्तरं लिहायची, झाल्यावर त्याचा फोन आला होता, "मॅडम, ते अर्ज लिहायला लावायचात ना, त्याच्या वह्या आहेत का अजून?"

सरकारी नोकरीत बदली ठरलेली. ऑर्डर निघाली तेव्हा टेबलाचा कार्यभार दिला, यादी करून, सह्या घेऊन. मग वाटलं, गुरुवारचाही द्यायला हवा. दोनशे पानी वहीत एका मुलाला एक पान केलं होतं: कागदांची स्थिती, शेवटचं बोलणं, पुढे काय विचारायचं. ती वही शाखेतल्या नव्या महसूल सहायकाच्या हातात दिली. तो आधी का-कू करत होता. त्याला म्हटलं, एकदा जाऊन तर ये.

महिन्याभराने त्याचा फोन.

"ताई, सतराव्या पानावर सगळं भरलेलंय, पण खाली नुसतं 'चष्मा' लिहिलंय. कसला चष्मा?"

"त्याला नंबर आहे रे. मित्र हसतात म्हणून खिशात ठेवतो. मागच्या बाकावर बसला असेल तर आधी पुढे बोलव."

"आणि मग?"

"मग लाव म्हणायचं. सगळ्यांसमोर नको."