ऑनलाइन विक्रेत्याकडून इलेक्ट्रॉनिक वस्तू घेताना वॉरंटी कशी सांभाळावी

पानावर नुसतं ‘१ वर्ष वॉरंटी’ लिहिलं असेल, तर ती कोणाची हे आधी विचारा. कंपनीची असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला वस्तू नेता येते. विक्रेत्याची असेल तर वस्तू त्याच्याकडेच पाठवावी लागते, आणि तोवर त्याने दुकान गुंडाळलेलं नसावं एवढीच आशा करायची.

विक्रेता आणि माल पाठवणारा हे दोन वेगळे असू शकतात. माल वेबसाइटच्या गोदामातून निघाला, म्हणून तो वेबसाइटने विकला असं होत नाही. शिवाय एकाच वस्तूच्या पानावर अनेक विक्रेते असतात आणि रंग किंवा स्टोरेज बदललं की कधीकधी विक्रेताही बदलतो. पैसे भरण्याआधीच्या शेवटच्या पानावर नाव पुन्हा वाचा. कंपनीच्या साइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी असेल तर त्यात ते शोधा.

किंमत इतरांपेक्षा बरीच कमी दिसली तर बहुधा तीनपैकी एक कारण असतं. माल दुसऱ्या देशासाठी बनलेला असतो, आणि बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी देशापुरतीच असते. किंवा वस्तू वापरून पुन्हा तयार केलेली असते. तिसरा प्रकार सुट्या भागांचा. संगणक बनवणाऱ्यांसाठी घाऊक दिलेली हार्ड डिस्क किंवा खोक्याविना ‘ट्रे’ प्रोसेसर अस्सल असतो, पण त्याची वॉरंटी कंपनी थेट ग्राहकाला सहसा देत नाही. माल खरा असल्यामुळे यात फसायला होतं.

शंका असेल तर विक्रेत्याला साइटच्याच मेसेजमधून विचारा: ‘वॉरंटी कंपनीची की तुमची? ती याच देशात चालेल का? बिलावर सिरियल नंबर मिळेल का?’ फोनवर दिलेल्या शब्दाचा पुरावा राहत नाही. ऑर्डर दिल्याबरोबर वस्तूचं पूर्ण पान पीडीएफ करून ठेवा. पानावरचा मजकूर विक्रेता नंतर बदलू शकतो.

पार्सल आलं की कात्री लावण्याआधी व्हिडिओ सुरू करा. पत्त्याचं लेबल, सील, खोक्यावरचा सिरियल नंबर आणि बाहेर निघणारी वस्तू हे सगळं मध्ये न थांबवता एकाच व्हिडिओत यायला हवं. तुकडे जोडलेला व्हिडिओ तक्रारीच्या वेळी कमी पडतो.

मग नंबर जुळवा. खोकं, वस्तूवरचं स्टिकर, सेटिंग्ज आणि बिल, जिथे जिथे नंबर आहे तिथे तो एकच हवा. फोनवर स्टार-हॅश-०६-हॅश डायल केलं की १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन असतात. लॅपटॉपचा नंबर बायॉसमध्ये, म्हणजे तो सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, पाहा, खालचं स्टिकर बदललेलं असू शकतं. हार्ड डिस्क किती तास चालली आहे ते ‘स्मार्ट’ (SMART) माहितीत, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या नोंदींत, कळतं, पण हा आकडा शून्यावर आणणारेही असतात, म्हणून त्यावर एकट्यावर विसंबू नका.

हाच नंबर कंपनीच्या वॉरंटी तपासणीच्या पानावर टाका. हे काम परतीची मुदत संपण्याआधी करायचं आहे, आणि नेमकं हेच लोक विसरतात. वॉरंटी काही महिन्यांपूर्वीच सुरू झालेली दिसली, तर वस्तू आधी कोणीतरी चालू केलेली असू शकते किंवा कंपनीने डीलरला माल दिल्याची तारीख धरलेली असू शकते. दुसऱ्या प्रकारात बिल दाखवून तारीख दुरुस्त करून मिळते का, ते कंपनीला विचारा. नंबर सापडलाच नाही किंवा देश वेगळा निघाला, तर वाट न पाहता वस्तू परत करा. कारण निवडताना ‘वर्णनाप्रमाणे नाही’ हे निवडा. ‘मन बदललं’ निवडलं तर चूक तुमची ठरते आणि परतीचा खर्च अंगावर येऊ शकतो.

बिलावर विक्रेत्याचं नाव-पत्ता, तारीख, नेमकं मॉडेल आणि सिरियल नंबर हवा. ऑर्डर मिळाल्याचा ईमेल म्हणजे बिल नव्हे. बिल डाउनलोड करून दोन ठिकाणी ठेवा. नुसत्या थर्मल कागदावर (दुकानातल्या छोट्या पावतीचा गुळगुळीत कागद) असेल तर लगेच फोटो काढा, त्यावरची छपाई फिकी पडते. नोंदणी ठरावीक दिवसांत करायची अट असेल, किंवा वॉशिंग मशीनसारखी वस्तू कंपनीच्या माणसानेच बसवायची अट असेल, तर ती पाळा. बॅटरी, चार्जर, इअरफोन यांची मुदत अनेकदा मुख्य वस्तूपेक्षा कमी असते. जादा पैसे देऊन मुदत वाढवत असाल, तर ती कंपनीच्या वॉरंटीनंतर सुरू होते की तिच्यासोबतच, हे वाचा. सोबतच असेल तर तेवढा काळ बराचसा वाया जातो.

वस्तू सर्व्हिसला देताना डेटा काढून घ्या, सिम काढा, खात्याचं लॉक (वस्तू तुमच्या गूगल किंवा ॲपल खात्याशी बांधून ठेवणारं) बंद करा. लॉक चालू असेल तर अनेकदा वस्तू घेत नाहीत. आधीचे ओरखडे जॉब शीटवर, म्हणजे वस्तू जमा केल्याच्या पावतीवर, लिहून घ्या. फोनमध्ये पाण्याची खूण दाखवणारी पट्टी असते, ओल लागली की ती लाल किंवा गुलाबी होते. अनेक फोनांत ती सिमच्या खाचेत दिसते. देण्याआधी तिचाही फोटो काढा.