मूल वर्गात मागे पडतंय? आधी या चुका टाळा

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. पोळा येईपर्यंत वर्गशिक्षकांच्या तोंडी काही नावं पक्की बसलेली असतात: हा आळशी, ही ढ, तो नुसता खिडकीबाहेर पाहतो. नागपूर आणि आसपासच्या शाळांत विशेष शिक्षक म्हणून फिरताना दरवर्षी त्याच चुका दिसतात, आणि त्यात मुलांची वर्षं जातात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कान-डोळे न तपासता थेट 'डिस्लेक्सिया', म्हणजे वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता, म्हणून मोकळं होणं. चौथीतला एक मुलगा होता. श्रुतलेखनात शब्दांची शेपटं गायब, 'पाट'चं 'पात', अर्ध्या सूचना ऐकल्याच नाहीत असं वागणं. कुठल्याशा मोबाइल चाचणीवरून घरच्यांनी निदान करून टाकलं आणि महागडा क्लासही लावला. मी वर्गात मागे बसून पाहिलं, तर बाई फळ्याकडे वळल्या की हा शेजाऱ्याच्या वहीत बघायचा. त्याच्या आईला विचारलं, "ताई, याचा कान वाहतो का?" "पावसाळ्यात वाहते जी. तेल टाकतो आम्ही." कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं, तर पडद्याला छिद्र निघालं. तेल बंद झालं, उपचार सुरू झाले, आणि चांगला कान बाईंकडे येईल अशी पहिल्या बाकावर जागा दिली. श्रुतलेखन हळूहळू सुधारलं. तोवर त्या क्लासमध्ये पोराकडून रोज अक्षरं गिरवून घेतली जात होती!

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांची आरोग्य तपासणी करायला शाळेत येतं, तेव्हा नेमकी अशीच मुलं गैरहजर असतात. मी हजेरीपट घेऊन बसते आणि राहिलेल्यांची नावं मुख्याध्यापकांकडे लिहून देते. सोबत घरची भाषाही विचारते. नागपुरात कितीतरी घरांत हिंदी, छत्तीसगढी किंवा गोंडी बोलतात. दुसरीतलं मूल मराठी वाचताना अडखळलं, तर आधी त्याला घरच्या भाषेत गोष्ट सांगायला लावा. तिथे ते घडाघडा बोललं तर त्याच्या अडचणीचा विचार वेगळ्या दिशेने करावा लागतो.

दुसरी चूक शेऱ्यांची. 'लक्ष देत नाही' या शेऱ्यावरून मला काहीच करता येत नाही. 'दहा ओळी उतरवताना तीन वेळा ओळ सुटली, तोंडी उत्तर मात्र बरोबर' असं तारखेसह लिहिलं, तर काम सुरू होतं. एनसीईआरटीचं 'प्रशस्त' ॲप याच कामासाठी आहे. पहिला भाग वर्गशिक्षक भरतात, दुसरा विशेष शिक्षक. ती प्राथमिक चाळणी आहे, निदान तज्ज्ञच करतात. नवे शिक्षक मात्र जेवणाच्या सुट्टीत अख्ख्या वर्गाच्या खुणा करून टाकतात. मूल काही आठवडे वेगवेगळ्या तासांना पाहिल्याशिवाय मी एकही खूण करत नाही.

तिसरी चूक फार महाग पडते: दहावीच्या तोंडावर प्रमाणपत्रासाठी धावपळ. जानेवारीत पालक येतात, "मॅडम, काहीतरी करा." केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळतं आणि पुढे फेरतपासणी होते. म्हणजे तिसरी-चौथीतच सुरुवात करता येते. बोर्डाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत, पण त्यांचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे वेळेत जायला हवा. प्रमाणपत्रासाठी दलालाच्या नादी लागू नका. शिवाय ज्याला पाचवीपासून कुणी लेखनिकाला उत्तर सांगायचा सराव दिला नाही, तो दहावीत लेखनिकासमोर गप्प बसतो. हे मी पाहिलंय आणि फार वाईट वाटतं.

प्रमाणपत्र येईपर्यंत मदत थांबवणं हीसुद्धा चूकच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम १६ शाळेवरच जबाबदारी टाकतं: अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखा आणि शिकवण्याचे योग्य उपाय करा. मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, फळ्याजवळची जागा, तोंडी उत्तराची मुभा, यासाठी कुठल्या शिक्क्याची वाट पाहायची?

वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात 'वाचन सुधारणे' लिहू नका. 'दिवाळीपर्यंत जोडाक्षर नसलेला पाच ओळींचा उतारा आधाराशिवाय वाचेल' असं लिहा.

मुलासमोर त्याच्या अडचणीची चर्चा नको. भावंडांशी तुलना तर अजिबात नको.

यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीत, विशेष गरजांची नोंद चुकली, तर समग्र शिक्षा अभियानातली साधनं आणि भत्ते अडकतात. पालकांनी प्रवेशानंतर ती नोंद मुख्याध्यापकांकडून एकदा पाहून घ्यावी, आणि दुरुस्तीचा अर्ज दिला तर त्याची पोच घेतल्याशिवाय शाळेतून निघू नये.