माँटे कॅसिनोचं उद्ध्वस्त चर्च: गणेशोत्सवातलं प्रदर्शन कसं मांडावं

बडोद्यात दांडिया बाजारातल्या मंडळाला किंवा शाळेला दुसऱ्या महायुद्धात नष्ट झालेल्या वास्तूवर प्रदर्शन करायचं असेल, तर इटलीतला माँटे कॅसिनोचा मठ घ्या. साधनं मुबलक आहेत, शिवाय तिथे आपले सैनिक लढलेत. सहा फलक पुरतात.

आधी नेमकं कुठलं चर्च पडलं ते पक्कं करा. संत बेनेडिक्टने हा मठ साधारण 529 साली स्थापला, म्हणून ‘चौदाशे वर्षांचं चर्च जमीनदोस्त’ असा मथळा सहज सुचतो. तो चुकीचा आहे. सहाव्या शतकाच्या अखेरीस लोंबार्ड टोळ्यांनी आणि 883 मध्ये अरब हल्लेखोरांनी मठ उद्ध्वस्त केला होता. मठाधिपती डेसिडेरियसने उभारलेल्या चर्चचं 1071 मध्ये थाटात उद्घाटन झालं. तेही 1349 च्या भूकंपात कोसळलं. 15 फेब्रुवारी 1944 ला दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बफेकीत पडलं ते नंतरचं, बरोक या अलंकृत शैलीतलं चर्च, चित्रकार लुका जॉर्दानोच्या भित्तिचित्रांसकट. त्यामुळे पहिल्या फलकावर प्रत्येक काळातल्या बांधकामाला वेगळा रंग द्या.

दुसरा फलक वाचलेल्या वस्तूंचा. 1066 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला घडवलेल्या काशाच्या दाराचं जवळून घेतलेलं छायाचित्र लावा: पत्र्यांवर मठाच्या मालमत्तेची यादी कोरलेली दिसते. हस्तलिखितं 1943 च्या शरद ऋतूत जर्मन लष्कराच्या ट्रकांतून रोमकडे हलवली होती, म्हणून वाचली.

तिसरा फलक कारणांचा, आणि सगळ्यात जपून लिहायचा. बॉम्बफेकीची मागणी दोस्तांकडून लढणाऱ्या चौथ्या भारतीय डिव्हिजनचे सेनापती टकर यांनी केली, कारण त्या डोंगरावर चढाई त्यांच्या सैनिकांना करायची होती. त्या वेळी इमारतीत जर्मन फौज नव्हती. आश्रयाला आलेले नागरिक होते, त्यांतले बरेच मेले. डिव्हिजनचा मुख्य हल्ला 17 च्या रात्री झाला. तोवर जर्मन छत्रीधारी सैनिकांनी ढिगाऱ्यात मोर्चे बांधले होते. तारखा या क्रमाने दिल्या की वाचक आपलं मत बनवतो. विशेषणं घालू नका.

चौथ्यावर पुनर्बांधणी: ‘जसं होतं, जिथे होतं’ या तत्त्वावर उभारलेलं चर्च पोप पॉल सहावे यांनी 24 ऑक्टोबर 1964 ला पुन्हा उपासनेसाठी समर्पित केलं. आजचा फोटो 1944 पूर्वीचा म्हणून लागू नये, यासाठी प्रत्येक चित्राखाली साल टाका. पाचव्यावर नकाशा.

फलक 2 × 3 फुटांचा, 5 मिलिमीटर सनबोर्डवर मॅट व्हिनाइल. चकचकीत फ्लेक्स ट्यूबलाइटखाली वाचवत नाही. दहा फुटांवरून वाचायचं शीर्षक किमान एक इंच उंच, मजकूर 28 पॉइंट, फलकाला 120 शब्द. दोन फूट रुंद चित्राला 3600 पिक्सेल हवेत. भाद्रपदाच्या दमटपणात डबल टेप सुटतो. कोपऱ्यांना भोकं पाडून तारेने टांगा.

सहाव्या फलकावर कॅसिनो स्मारक, म्हणजे इटलीत पडलेल्या, पण थडगं नसलेल्या सैनिकांची नावं कोरलेलं स्मारक. व्हिक्टोरिया क्रॉस विजेते यशवंत घाडगे यांचं नाव तिथे कोरलेलं आहे, पण ते कॅसिनोच्या लढाईत नव्हे, 10 जुलै 1944 ला वरच्या टायबर खोऱ्यात धारातीर्थी पडले. ही गल्लत फार होते. आपल्या गावातली नावं राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या संकेतस्थळावर शोधताना रेजिमेंटचं नाव जुन्या इंग्रजी वर्णलेखनाने, म्हणजे ‘मराठा’ हा शब्द Mahratta असा टाका.