एसडीकेमॅनेजरला 'एसडीके रूट' सापडत नसेल तर

अँड्रॉइड स्टुडिओ न टाकता नुसती कमांड लाइन टूल्सची झिप उतरवून त्यातला एसडीकेमॅनेजर (अँड्रॉइड अॅप बनवायला लागणारा टूल्सचा संच, म्हणजे एसडीके, उतरवणारं टूल) चालवला, की हमखास 'एसडीके रूट ठरवता आला नाही', म्हणजे एसडीकेचा मुख्य फोल्डर सापडला नाही, असा एरर येतो. घोळ फोल्डरच्या रचनेत आहे. झिप उघडल्यावर 'सीएमडीलाइन-टूल्स' फोल्डर मिळतो आणि बिन, लिब थेट त्यातच असतात. टूलला मात्र मध्ये 'लेटेस्ट' नावाचा आणखी एक फोल्डर हवा असतो. तो बनवून सगळं त्यात हलवलं की काम झालं. दरवेळी एसडीके-रूटचा पर्याय देऊनही भागतं, पण कोण टाइप करत बसणार!

नव्या टूल्सना जावा 17 लागतं. जुनं असेल तर क्लास फाइल व्हर्जन 61 ची तक्रार येते. आधी जावा-होम (कोणतं जावा वापरायचं ते सांगणारं सेटिंग) तपासा.

एसडीकेमॅनेजरने पॅकेज उतरवताना त्याचं नाव अवतरणचिन्हांतच लिहा: "प्लॅटफॉर्म्स;अँड्रॉइड-34". नाहीतर लिनक्सचा शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) अर्धविरामापाशी कमांड तोडतो आणि 'अँड्रॉइड-34' ही कमांडच सापडत नाही म्हणतो. अॅपचं बिल्ड लायसन्स मान्य केलं नाही म्हणून अडलं, तर एसडीकेमॅनेजरला लायसन्सेस पर्याय देऊन प्रत्येक प्रश्नाला वाय दाबा. होम फोल्डरमधल्या एसडीकेवर सुडो (रूट, म्हणजे अॅडमिन युजर म्हणून कमांड चालवणं) मात्र नको. फायली रूट युजरच्या मालकीच्या झाल्या की ग्रेडलला (अॅप बिल्ड करणाऱ्या टूलला) तिथे नवं काही उतरवता येत नाही.