डिस्क नीट बर्न झालीय का, लिनक्सवर कसं बघायचं

ताईच्या लग्नाची डीव्हीडी परवा लावली. मंगलाष्टकं झाली, पंगत बसली आणि वरणभातावर येऊन जी अडकली ती अडकलीच, ड्राइव्ह नुसता घरघरतोय. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे आमची पंगत नेमकी बाहेरच्या कडेला, आणि लोच्या बहुतेक वेळा तिथेच होतो. मिळाली तेव्हा हीच डिस्क छान चालत होती बरं का.

म्हणून पहिली गोष्ट, डिस्क वाचता आली म्हणजे बर्न चांगलं झालं असं नाही. प्रत्येक डिस्कवर थोड्याफार एरर पहिल्या दिवसापासून असतातच, ड्राइव्ह त्या गुपचूप दुरुस्त करतो आणि आपल्याला फाइल जशीच्या तशी देतो. त्याला किती दुरुस्त करावं लागलं हे फाइल कॉपी करून कळत नाही, त्यासाठी एरर मोजाव्या लागतात.

तरी आधी साधी तपासणी करूनच घ्या. केथ्रीबी या बर्निंगच्या प्रोग्रॅममध्ये बर्न करताना व्हेरिफायवर टिक करा. हाताने एमडीफाइव्हसम काढून, म्हणजे डेटावरून निघणारी तपासणीची बेरीज मूळ फाइलशी जुळवून बघणार असाल तर आधी ट्रे बाहेर काढून परत आत घाला, नाहीतर कधीकधी रॅममधलाच डेटा तपासला जातो आणि आपण खूश. दुसरं म्हणजे डिस्कच्या शेवटी काही जास्तीचे ब्लॉक असू शकतात, मग डिस्क धडधाकट असूनही बेरीज जुळत नाही. आयएसओच्या, म्हणजे बर्न केलेल्या इमेज फाइलच्या, बाइटमधल्या साइझला २०४८ ने भागा आणि डीडी कमांडने तेवढेच ब्लॉक वाचा, जुळेल.

आता खरं काम, म्हणजे एरर मोजणं, त्यासाठी क्यूपीएक्सटूल हा प्रोग्रॅम. रिपॉझिटरीत मिळालं तर उत्तम, नाहीतर सोर्स उतरवून कंपाइल करा. ग्राफिकल आहे, डिस्क घालायची, टेस्ट निवडायची, स्टार्ट. डिस्क आपोआप माउंट झाली असेल तर आधी अनमाउंट करा, आणि परमिशनची रड आली तर तुमचा युजर सीडीरॉम ग्रुपात आहे का बघा. खरी अडचण ड्राइव्हची आहे. एरर मोजून सांगणं हे ड्राइव्हने स्वतः करावं लागतं, आणि लॅपटॉपच्या बऱ्याच पातळ ड्राइव्हना ते येत नाही. जुने प्लेक्स्टर, बेनक्यू, लाइटऑनचे आयहॅस वगैरे सांगतात, त्यामुळे जुन्या बाजारात असा एखादा दिसला तर सोडू नका.

स्कॅन फुल स्पीडला नको, डीव्हीडीला ८एक्स ठीक, चहा होईपर्यंत आटपतं. मग आकडे बघा. सीडीवर सी-वन (दुरुस्तीच्या पहिल्या टप्प्यातल्या एरर) आणि सी-टू (तिथून निसटून दुसऱ्या टप्प्यात गेलेल्या) दिसतात. सी-वनची मर्यादा सेकंदाला सरासरी २२०, पण नव्या डिस्कवर ती याच्या कितीतरी खाली पाहिजे, आणि सी-टू शून्यच पाहिजे. डीव्हीडीवर पीआय एरर (पहिल्या टप्प्यातल्या) ८ ब्लॉकच्या बेरजेत २८० च्या आत आणि पीआय फेल्युअर (पहिल्या टप्प्यात दुरुस्त न झालेल्या) एका ब्लॉकला ४ च्या आत, इथे ब्लॉक म्हणजे एकत्र दुरुस्त होणारा डेटाचा गट, काही ड्राइव्ह मात्र फेल्युअरही ८ ब्लॉकचे एकत्र मोजतात तेव्हा आकडा बघून लगेच घाबरू नका. पीओमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या दुसऱ्या टप्प्यात, दुरुस्त न होणारी एक जरी एरर निघाली तरी डिस्क गेली समजा.

मी आकड्यापेक्षा ग्राफचा आकार जास्त बघतो. सपाट आणि बुटका असेल तर झकास. शेवटी शेवटी डोंगर चढत असेल तर कडेची डाय (ज्यावर बर्न होतं तो रंगाचा थर) खराब आहे किंवा बर्नचा स्पीड तिथे झेपलेला नाही, पुढची डिस्क कमी स्पीडने मारून बघा, पण एकदम तळाचा स्पीड लावला की बर्न चांगलंच होतं असंही काही नाही, १६एक्सच्या डिस्कला मी ८ लावतो. मध्येच एक सुळका आला तर आधी डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरा, नव्वद टक्के वेळा अंगठ्याचा ठसा सापडतो. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही, आणि परत स्कॅन.

एका ड्राइव्हचे आकडे दुसऱ्याशी जुळत नाहीत. त्यामुळे ड्राइव्ह एकच ठेवा, बर्न केल्या केल्या स्कॅन सेव्ह करा आणि वर्षभराने त्याच ड्राइव्हवर परत करा, डोंगर वाढलेला दिसला की लगेच कॉपी काढा. ड्राइव्ह एरर सांगतच नसेल तर डीव्हीडिझास्टर या प्रोग्रॅमचं स्कॅन आहे, ते न वाचता येणारे सेक्टर दाखवतं, म्हणजे उशिराच कळतं, पण काहीच नसल्यापेक्षा बरं. डिस्क चांगली असतानाच त्यातून एरर करेक्शन फाइल बनवून वेगळ्या जागी ठेवली तर पुढे काही सेक्टर मेले तरी डेटा परत मिळवता येतो.

आमच्या डीव्हीडीची अशी फाइल अर्थातच नव्हती. खराब डिस्कमधून मिळेल तेवढं काढणारं डीडीरेस्क्यू रात्रभर चालवलं, सकाळी डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तीच मॅपफाइल (कुठलं वाचून झालं, कुठलं राहिलं याची नोंद) पुढे चालू केली. जिलबी वाढतानाचे काही सेकंद तेवढे गेले, बाकी पंगत उठेपर्यंत सगळं आलं.