मोटार भरायला टाकण्याआधी ती का जळाली ते बघा

वैशाखात केळीचं पाणी चुकलं की बाग डोळ्यांदेखत मलूल होते. त्यामुळे जळालेली मोटार घेऊन येणाऱ्याचा एकच धोशा असतो, "मिस्तरी, संध्याकाळपर्यंत भरून द्या भो." भरून मिळतेही. पण जळाली कशानं हे कोणी विचारत नाही, आणि थोड्याच दिवसांत तीच मोटार पुन्हा टेबलावर येते. रावेर भागात मोटारी भरणं, म्हणजे जळालेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळणं, हा माझा धंदा. माझं सांगणं एवढंच, की जुनी तार कापायच्या आधी कॉइली नीट बघा. मालकानंही दुकानात उभं राहून बघावं.

दोन्ही बाजूंची झाकणं काढा, रोटर बाहेर घ्या आणि बॅटरीच्या उजेडात वाइंडिंग, म्हणजे तारेच्या सगळ्या कॉइली, फिरवून बघा. काही कॉइली कोळसा आणि मधल्या काही कोऱ्या करकरीत दिसल्या, तर लाईटीच्या तीन फेजपैकी एक गेला होता आणि मोटार उरलेल्या दोनवर गुरगुरत राहिली. स्टार जोडणीत (तिन्ही फेजची एकेक टोकं एकत्र बांधलेली) दोन फेजच्या कॉइली जळतात, तिसरीच्या शाबूत राहतात. डेल्टात (टोकाला टोक जोडून त्रिकोण केलेला) बहुधा एकाच फेजच्या जळतात. अशा वेळी दोष मोटारीत शोधू नका. डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा फ्यूज, स्टार्टरचे झिजलेले कॉन्टॅक्ट, केबलचा ढिला जोड, तिथं बघा. सगळ्या कॉइली सारख्याच काळ्या असतील तर लोड जास्त झाला किंवा व्होल्टेज पडलं. एकाच स्लॉटच्या, म्हणजे कॉइल बसते त्या खाचेच्या, तोंडाशी भोक पडलं असेल तर तिथला इन्सुलेशनचा कागद फाटला होता. आणि स्टॅम्पिंगवर, म्हणजे स्लॉट असलेल्या लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर, एका बाजूला घासून चकचकीत पट्टा उमटला असेल तर बेरिंग गेलंय. ते न बदलता मोटार भरणं म्हणजे पैसे विहिरीत टाकणं.

मग वही काढा. स्लॉट किती, कॉइलचा पिच (तिच्या दोन बाजूंमधलं स्लॉटचं अंतर) किती, वेढे किती, जोडणी कोणती, निघालेल्या तांब्याचं वजन किती, सगळं लिहा. तार मोजताना वरचं इनॅमल खरवडून उघड्या तांब्याला मायक्रोमीटर लावा, नाहीतर गेज, म्हणजे तारेची जाडी, चुकतो. जुनी वाइंडिंग निघत नाही म्हणून स्टेटर (कॉइली बसवलेला बाहेरचा न फिरणारा भाग) जाळात टाकणारे आहेत. त्यांना मोटार देऊ नका. स्टॅम्पिंगच्या पत्र्यांमधला इन्सुलेशनचा पातळ थर जळाला की नवी तार भरूनही मोटार तापतच राहते.

बिघडलेलं यंत्र उघडणाऱ्याला त्याची कच्ची जागा आधी कळते. हिताची ही एवढी मोठी कंपनी अशाच दुरुस्तीच्या शेडमधून निघाली. आपल्याकडे हिताची म्हटलं की शेततळं खोदणारं पोकलेन डोळ्यांसमोर येतं, पण तिची सुरुवात जपानच्या इबाराकी प्रांतातल्या हिताची या तांब्याच्या खाणीत झाली. तिथली विजेची यंत्रं दुरुस्त करण्याचं काम नामिहेई ओदाइरा या इंजिनिअरकडे होतं. परदेशी यंत्रं नुसती दुरुस्त करत बसण्यापेक्षा आपणच बनवू, असं त्यानं मनावर घेतलं आणि १९१० मध्ये त्याच्या शेडमधून इंडक्शन मोटारी बाहेर पडल्या. किती ताकदीच्या? ५ एचपी! आपल्या विहिरीवर असते तेवढीच. कंपनी आपला जन्म त्याच वर्षीचा धरते. खाणीपासून वेगळी झाली १९२० मध्ये. १९२४ मध्ये तिनं विजेवर चालणारं मोठं रेल्वे इंजिन बनवलं, पुढे शिंकान्सेन या जपानी बुलेट ट्रेनचे डबेही.

मग पसारा वाढत गेला : टीव्ही, हार्ड डिस्क, फ्रिज, काय नाही ते. २००८-०९ मध्ये सुमारे ७८७ अब्ज येनचा तोटा झाला. जपानी कारखानदारीत तोवर एवढा कोणाला झाला नव्हता. त्यानंतर कंपनीनं हार्ड डिस्कचा धंदा विकला, पुढे रसायनं आणि धातूच्या कंपन्याही. उलट २०२० मध्ये एबीबी या कंपनीचा वीजवहनाचा धंदा ताब्यात घेतला. मला त्यातलं सगळ्यांत पटलं ते इंग्लंडमधल्या रेल्वेगाड्यांचं कंत्राट. गाड्या बनवायच्या, सुमारे २७ वर्षं सांभाळायच्या, आणि पैसे मिळणार रोज ठरल्याप्रमाणे धावायला तयार असलेल्या गाड्यांचे. माझ्या धंद्यात नेमकं उलटं आहे. तुमची मोटार जळाली तर माझी चूल पेटते. म्हणून मिस्तरीकडून जळण्याचं कारण बिलावरच लिहून घ्या आणि तेच कारण पुन्हा निघालं तर मजुरी कोणाची, हे आधीच बोलून ठेवा. बोलायला संकोच वाटेल, पण चांगला मिस्तरी रागावणार नाही.

भरलेली मोटार घेताना वार्निश नीट सुकलंय का बघा. बोटाला चिकटत असेल तर भट्टीत परत. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) तुमच्यासमोर लावायला सांगा. विहिरीवर बसवल्यावर पाणी पूर्ण सुरू असताना तिन्ही तारांना क्लँप मीटर (तारेभोवती पकडून अँपिअर मोजणारं) लावा. ५ एचपीला साधारण ७ ते ८ अँपिअर येतात आणि तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. एक वेगळा पडला तर तारा एकेक घर पुढे सरकवून जोडा. फरक त्याच लाईनवर राहिला तर दोष लाईनचा, मोटारीच्या तारेबरोबर सरकला तर भरणाऱ्याचा.

जास्त करंट गेला की मोटार बंद करणाऱ्या ओव्हरलोड रिलेची खुंटी मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरवर ठेवा. सारखा ट्रिप होतो म्हणून ती शेवटपर्यंत फिरवलेली मला दर दुसऱ्या स्टार्टरमध्ये दिसते. आणि रात्रीच्या लाईटीसाठी मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो बसवला असेल तर त्याच्यासोबत सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटार बंद करणारा, घ्याच. मोटार भरण्यापेक्षा तो नक्कीच स्वस्त पडतो.