विमानात काही खटकलं तर: सांगायचं कोणाला, कसं, आणि कायदा कुठवर पाठीशी

अमेरिकेत एका विमान कंपनीच्या गेटवर मी बरीच वर्षं काम केलं. आता निवृत्त आहे, तरी ओळखीतले लोक एक प्रश्न हमखास विचारतात, विशेषतः मुलांकडे राहायला आलेले आईवडील: "काही विचित्र दिसलं म्हणून आम्ही सांगितलं, तर तो माणूस उलट आमच्यावरच केस करेल का?" केस कोणीही कोणावर करू शकतो, या देशात तर नक्कीच. पण सांगताना थोडं भान ठेवलंत, तर ती केस तुमच्याविरुद्ध टिकू नये अशी तरतूद २००७ पासून केंद्रीय कायद्यात आहे. मी वकील नाही. पण प्रवाशांचं असलं सांगणं ऐकून घ्यायचं काम माझंच होतं.

कायदा आला कसा, ते आधी सांगते. २० नोव्हेंबर २००६ ला मिनियापोलिसहून फिनिक्सला निघालेल्या यूएस एअरवेजच्या विमानातून सहा इमामांना खाली उतरवलं गेलं. त्यांनी गेटपाशी नमाज पढला होता, विमानात ते वेगवेगळ्या जागी बसले होते, काहींनी सीट बेल्टचं एक्स्टेंडर (पट्टा लांब करायचा जोडतुकडा) मागितलं होतं. एका प्रवाशाने क्रूकडे चिठ्ठी दिली. (एक्स्टेंडर मागणं हा पुरावा धरला, तर माझ्या गेटवरून गेलेले किती तरी जाडजूड सद्गृहस्थ तुरुंगात बसले असते.) मार्च २००७ मध्ये इमामांनी कंपनीवर आणि विमानतळाच्या प्रशासनावर दावा लावला आणि त्यात तक्रार करणाऱ्या प्रवाशांनाही 'जॉन डो' (नाव माहीत नसलेल्या माणसाला कोर्टाच्या कागदात देतात ते नाव) म्हणून ओढलं. त्यावरून संसदेत गदारोळ झाला. न्यू यॉर्कचे प्रतिनिधी पीटर किंग यांनी हा विषय लावून धरला आणि ९/११ आयोगाच्या शिफारशींसाठी केलेल्या कायद्यात कलम १२०६ घातलं गेलं. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ३ ऑगस्ट २००७ ला त्यावर सही केली. कलम मागच्या तारखेपासून, १ ऑक्टोबर २००६ पासून, लागू केलं, म्हणजे मिनियापोलिसची घटनाही त्यात आली. त्याच ऑगस्टमध्ये इमामांनी प्रवाशांना दाव्यातून वगळलं. कंपनी आणि विमानतळाच्या प्रशासनावरचा दावा मात्र चालू राहिला आणि २००९ मध्ये तडजोडीने मिटला.

आता कलम काय म्हणतं ते. प्रामाणिक हेतूने, आणि कोणाही समंजस माणसाला पटेल अशा संशयावरून, तुम्ही स्वतःहून योग्य अधिकाऱ्याला माहिती दिलीत, तर त्या माहितीबद्दल तुमच्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येत नाही. केंद्राच्या, राज्याच्या किंवा स्थानिक, कुठल्याच कायद्याखाली नाही. संशय शेवटी खोटा निघाला तरी चालतं. तरीही कोणी कोर्टात खेचलं आणि तुम्हाला हे संरक्षण आहे असं ठरलं, तर तुमच्या वकिलाची वाजवी फी आणि खर्च दावा करणाऱ्याकडून वसूल होतो. हे फक्त विमानापुरतं नाही, रेल्वे आणि बसलाही लागू आहे.

यातल्या 'समंजस माणसाला पटेल' या अटीकडे लोक लक्ष देत नाहीत. तुम्हाला खरोखर भीती वाटली, एवढं पुरत नाही. भीतीचं कारण दुसऱ्याला दाखवता आलं पाहिजे. म्हणून सांगताना माणसाचं वर्णन नंतर, त्याने काय केलं ते आधी. माझ्याकडे एक बाई आल्या, म्हणाल्या, "तो दाढीवाला सारखा काहीतरी पुटपुटतोय." मी विचारलं, आणखी काय? आणखी काहीच नव्हतं. असल्या सांगण्याचं गेट एजंट काय करणार? आपल्याकडची किती माणसं टेकऑफच्या वेळी रामरक्षा म्हणतात! दुसरे एक गृहस्थ आले ते असं बोलले: "निळ्या जॅकेटमधल्या माणसाने काळी बॅग त्या खांबाशी ठेवली, मागे वळून न बघता बाहेर जायच्या दाराकडे गेला, वीस मिनिटं झाली." मी तिथल्या तिथे फोन उचलला. बॅग विसराळू माणसाची निघाली, पण त्या गृहस्थांचं सांगणं चोख होतं.

तेव्हा सांगायचं ते असं: काय पाहिलं, कुठे, किती वाजता, गेट किंवा सीट नंबर, आणि ओळखायला कपडे. डोळ्यांनी पाहिलेलं आणि मनात आलेलं एका वाक्यात मिसळू नका. "त्याने टॉयलेटमधल्या स्मोक डिटेक्टरवर काहीतरी चिकटवलं" हे पाहिलेलं. "तो काहीतरी उडवणार आहे" हे तुमचं अनुमान. अनुमान सांगायला बंदी नाही, पण "मला असं वाटतं" म्हणून वेगळं सांगा. विमानाचं दार किंवा पॅनेल उघडायचा प्रयत्न, क्रूच्या जागेत शिरणं, दुसऱ्याच्या सामानात हात घालणं, हे जरूर सांगण्यासारखं. परकी भाषा, पोशाख, प्रार्थना, घाम येणं, एवढ्यावरून नाही. फोटो काढणंही एकट्याने पुरेसं नाही. कामात अडथळा येत नसेल आणि तपासणीचे मॉनिटर टिपले जात नसतील, तर टीएसएच्या (विमानतळावर प्रवाशांची तपासणी करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या) चौकीवरही फोटो काढायला साधारणपणे परवानगी असते. २०१६ मध्ये फिलाडेल्फियाहून सिरॅक्यूजला जाणाऱ्या विमानात शेजारचा प्रवासी कागदावर काहीतरी अगम्य लिहितोय म्हणून एका बाईंनी क्रूला कळवलं. तो विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता आणि गणितातली समीकरणं सोडवत होता. विमान उशिरा सुटलं.

सांगायचं कोणाला? गेट एजंट, केबिन क्रू, टीएसएचा अधिकारी, पोलीस. विमान कंपनीचे कर्मचारी कायद्याच्या व्याख्येत बसतात, त्यामुळे आधी पोलीसच शोधायला हवेत असं नाही. टर्मिनलमध्ये धोका समोर दिसत असेल तर सरळ ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन. विमानात कॉल बटण दाबा, किंवा उठून मागे जाऊन हळू आवाजात बोला. इंग्रजी अडत असेल तर कागदावर सीट नंबर आणि दोन शब्द लिहून द्या. तोंडी सांगितलेलंही कायद्याला चालतं.

फेसबुकवर किंवा कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या माणसाचा फोटो टाकणं यात कुठेच बसत नाही. कलमाचं संरक्षण अधिकाऱ्याला दिलेल्या माहितीपुरतं आहे. "२२ सी वर अतिरेकी बसलाय" असं जगाला सांगितलंत, तर बदनामीचा दावा तुमचा तुम्हीच निस्तरायचा. त्या माणसाची स्वतः उलटतपासणी घ्यायलाही जाऊ नका. विमानात खरोखर हिंसा सुरू झाली आणि तुम्ही ती अडवायला धावलात, तर त्यासाठी २००१ च्या कायद्यात वेगळं संरक्षण आहे. ते चौकशा करत फिरणाऱ्यांसाठी नाही.

जाणूनबुजून खोटं सांगितलं, किंवा खरंखोटं याची पर्वा न करता ठोकून दिलं, तर कलम १२०६ मागे उभं राहत नाही. शिवाय हे कलम दिवाणी दाव्यापुरतं आहे. खोट्या धमकीची अफवा उठवणं हा केंद्रीय गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि धावलेल्या यंत्रणेचा खर्चही भरावा लागू शकतो. सीटसाठी भांडण झालं म्हणून शेजाऱ्यावर संशय घेणारे लोक मी पाहिलेत. तसला विचारसुद्धा करू नका.

विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी कायदा वेगळा आहे, पण त्यावरचा एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. एअर विस्कॉन्सिनच्या एका वैमानिकाबद्दल कंपनीने टीएसएला कळवलं होतं. त्याने बदनामीचा दावा केला, ज्युरीने बारा लाखांहून अधिक डॉलर मंजूर केले, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. शब्द थोडे सैल असले तरी सांगण्याचा गाभा खरा असेल, तर संरक्षण जात नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. तुमचा कायदा तो नाही, पण घाबरून प्रत्येक शब्द तोलत बसू नये एवढं त्यावरून म्हणता येईल.

सांगून झालं की त्याच दिवशी फोनमध्ये टिपून ठेवा: फ्लाइट नंबर, वेळ, काय पाहिलं, कोणाला सांगितलं, आपले शब्द काय होते. दोन वर्षांनी वकिलाचं पत्र आलं तर हीच टिपणं कामाला येतात. पुढे त्या प्रवाशाला उतरवायचं की नाही हा निर्णय क्रूचा. त्यात ढवळाढवळ नको.

आणि बोट तुमच्याकडे दाखवलं गेलं तर? आपल्या लोकांवरही ही वेळ येते. विमानात वाद घालू नका, सांगितलं तर उतरा, पण कारण विचारा आणि बोलणाऱ्यांची नावं लिहून घ्या. वंश, धर्म, मूळ देश यांवरून भेदभाव करायला विमान कंपन्यांना केंद्रीय कायद्याने मनाई आहे, आणि तशी तक्रार अमेरिकेच्या वाहतूक खात्याकडे करता येते. बोर्डिंग पास फेकू नका, तक्रारीला लागतो.